अंगावर काढलेली दुखणी आणि दारी आलेल्या नर्सबाई

मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेत जुन्या काळासंबंधी काही लिहून द्यावे, असा आमच्या चिटणीसबाईंनी आग्रह धरला. जुना काळ म्हटला की आपल्या भागात खर्ड्याची लढाई, रझाकारांचे दिवस, नाहीतर बहात्तरचा दुष्काळ यांवर लिहिण्याचा प्रघात आहे. विषय मोठे खरेच, आणि त्यांवर लिहिणारेही पुष्कळ आहेत. मी मात्र आज नर्सबाईंविषयी लिहिणार आहे. आणि त्यांतही ज्या नर्सबाई कोणी मरावयास टेकलेले नसताना गाडीत बसून आपल्या दारी आल्या, त्यांच्याविषयी.

१०८ ची गाडी भोंगा वाजवीत ईटच्या रस्त्याने गेली म्हणजे दुकानातली माणसे बाहेर येतात, बायका ओट्यावर उभ्या राहतात. कोणाला नेले, काय झाले, वाचले की नाही, याची चर्चा रात्रीपर्यंत चालते. ते स्वाभाविक आहे. पण भोंगा न वाजवता जी गाडी किंवा जी बाई येते, तिला बघावयास कोणी उभे राहत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे आपल्या भागातल्या बायकांचे प्राण या दुसऱ्या येण्यानेच अधिक वाचले आहेत, आणि तिचाच इतिहास कोणी लिहीत नाही.

आपल्या मराठीत ‘दुखणे अंगावर काढणे’ असा एक शब्दप्रयोग आहे. अंगावर काढतात पुरुषही, नाही असे नाही. पण पुरुषाचे दुखणे चार दिवसांत घरभर होते. बाईचे दुखणे मात्र वीस-वीस वर्षे तिच्याजवळच राहते. कंबर दुखते, अंगावरून जाते, चक्कर येते, विचारले तर उत्तर ठरलेले, “काही नाही, चालायचंच.” जोवर ती उभी आहे, भाकरी थापते आहे, तोवर ते दुखणे तातडीचे नव्हे. आणि तातडीचे झाले म्हणजे बहुधा उशीर झालेला असतो.

रुग्णवाहिका ही मुळात लढाईतली वस्तू. फ्रान्सच्या फौजेतला शस्त्रवैद्य लारे याने १७९२ साली जखमी शिपायांना रणांगणावरून लगबगीने उचलून आणण्यासाठी घोड्याच्या हलक्या गाड्या काढल्या. पुढे हाच लारे नेपोलियनबरोबर देशोदेशी फिरला. तेव्हापासून गाडी म्हणजे घाई, गाडी म्हणजे रक्त, अशी तिची ओळख ठरून गेली. घरी जाऊन शुश्रूषा करणारी नर्स ही कल्पना त्याहून निराळ्या ठिकाणी जन्मली. इंग्लंडातील लिव्हरपूल शहरी विल्यम रॅथबोन नावाचा व्यापारी होता. त्याची पत्नी १८५९ साली वारली. शेवटच्या दुखण्यात तिची सेवा मेरी रॉबिन्सन या नर्सने केली होती. त्याच बाईला रॅथबोनने तीन महिन्यांच्या बोलीवर गरिबांच्या घरोघर पाठविले. महिनाभराच्या अनुभवानंतर ती परत आली आणि ही दैना आपल्याला पाहवत नाही, मोकळे करा, म्हणाली. त्याने तिला धीर देऊन पुन्हा धाडले. तीन महिने सरल्यावर मात्र तिनेच सांगितले की, आता हेच काम मी जन्मभर करणार. तिने पाहिलेली दुखणी बहुतेक जुनाट होती: अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसे, चिघळलेल्या जखमा, न्हाऊ न घातलेली पोरे. इस्पितळाने ज्यांना परत पाठवावे अशीच ती सगळी. १९२५ सालापासून अमेरिकेत केंटकीच्या डोंगरात मेरी ब्रेकिन्रिज यांच्या नर्सेस घोड्यावर बसून हेच काम करू लागल्या. कारण तिथे गाडीला रस्ताच नव्हता.

रस्ता आपल्याकडे तरी कुठे होता? आपला मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. अडलेल्या बाळंतिणीला बाजेवर घालून चार माणसांनी उचलून न्यावे किंवा बैलगाडीत कडबा अंथरून बार्शीची वाट धरावी, असा रिवाज होता. माझ्या आईकडून मी हे कितीदा तरी ऐकले आहे. बाज परत येताना रिकामी आली तर बरे, असे त्या बायका म्हणत. कारण मेलेले माणूसही त्याच बाजेवरून परत येई. तेही जिवावर बेतल्यावर. त्याआधी सुईण, अंगारा, नाहीतर लिंबाचा पाला.

भोर समितीचा अहवाल १९४६ साली निघाला. त्यात ब्रिटिश हिंदुस्थानच्या तीस कोटी वस्तीला सुमारे ७,००० नर्स, म्हणजे ४३,००० माणसांमागे एक, असा हिशेब मांडला आहे. आपला निजामी मुलूख त्या हिशेबात धरलेला नव्हता. नर्सचे काम त्या काळी घरंदाज समजले जात नसे हेही खरे. रमाबाई रानडे यांनी पुण्यात १९०९ साली सेवासदन सुरू करून बायकांना या शिक्षणाकडे वळविले, तेव्हा त्यांना लोकांचे काय काय ऐकून घ्यावे लागले असेल याची कल्पना करावी. १९५२ पासून समाजविकास योजनेबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे निघू लागली आणि मग हळूहळू आपल्यासारख्या खेड्यांना ‘सिस्टर’ हा शब्द ठाऊक झाला. सरकारी कागदावर तिचे नाव सहाय्यक परिचारिका प्रसाविका. एवढे लांब नाव घेऊन तिला कोणी हाक मारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आमच्या घरी पहिल्यांदा नर्सबाई आल्या त्या माझ्या धाकट्या भावाला लस टोचावयास. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. पांढरे पातळ, हातात कातडी पेटी, पायांत काळे बूट. भावाचे रडणे थांबले, तशा त्या चुलीपाशी पाट ओढून बसल्या आणि आजीला म्हणाल्या, “आजी, पोराचं झालं. तुमचं काय?” आजी हसली. मग मला बाहेर पाठविले. पुष्कळ वर्षांनी आईने सांगितले ते असे की, आजीचे अंग बाहेर येत होते, माझे वडील जन्मले तेव्हापासून. बसताना, ओझे उचलताना, पाणी शेंदताना ती ते हाताने आत सारी. घरात आजोबांना ठाऊक नव्हते, सुनेला ठाऊक नव्हते. त्या दिवशी पहिल्यांदा कोणी विचारले म्हणून तिने सांगितले. नर्सबाईंनी चिठ्ठी दिली. चिठ्ठी घेऊन गेल्यावर एका दवाखान्यात ‘ही काही घाईची केस नाही’ म्हणून परत पाठविले. मग दुसरीकडे एका डॉक्टरीणबाईंनी रबरी कडे बसवून दिले आणि ते बदलावयास केव्हा यावयाचे ते नीट समजावून सांगितले. आजी त्यानंतर चौदा वर्षे जगली. विहिरीवरून येताना ती वाटेत बसत नसे, एवढा फरक आम्हा पोरांनाही दिसला होता.

हे एकट्या माझ्या आजीचे होते असे मला बरीच वर्षे वाटे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतील ६५० बायकांची तपासणी केली. तिचा निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रात छापून आला. शंभरातल्या ९२ बायकांना स्त्रियांचा काही ना काही आजार निघाला. आणि त्यांपैकी पूर्वी कधी तपासणी झालेल्या बायका शंभरात आठसुद्धा नव्हत्या. साऱ्या जगातल्या डॉक्टरमंडळींना या आकड्याने धक्का बसला म्हणतात. आपल्या आळीतल्या एखाद्या म्हातारीला विचारले असते, तर तिने तो तपासणीवाचूनही सांगितला असता. पण तिला विचारणार कोण?

एक गोष्ट इथे स्पष्ट लिहिली पाहिजे, मग कोणाला आवडो न आवडो. सरकारी नर्सबाई गावात आल्या खऱ्या, पण पुढे त्यांच्या मागे कुटुंबनियोजनाच्या केसेसचा ससेमिरा लागला. महिन्याला इतक्या केसेस आणा, नाहीतर पगार अडेल. १९७५ ते ७७ या आणीबाणीच्या काळात तर कहर झाला. सिस्टर गल्लीत दिसली की बायका कडी लावून घेत. पुरुष शेताची वाट धरीत. पाटावर बसून “तुमचं काय?” विचारणाऱ्या बाईला वहीतला आकडा भरावयास लावले, त्याने बायकांचा विश्वास मोडला. ही उद्दिष्टे केंद्र सरकारने १९९६ साली काढून टाकली. विश्वास काही त्याच सालच्या हुकुमाने परत आला नाही.

आता आपल्या शेजारची गोष्ट. खर्ड्यावरून पुढे गेले की जामखेड. तिथे १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य आले. वेल्लोरला शिकलेले, अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केलेले. गावकऱ्यांनी त्यांना जनावरांचा जुना दवाखाना दिला. तिथे त्यांनी काम मांडले. त्या वेळी त्या भागात जन्मलेल्या हजार मुलांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत. आरोळ्यांनी एक फिरते पथक केले: जीपगाडी, तीत डॉक्टर, नर्स, समाजसेवक आणि ड्रायव्हर. ही गाडी ठरल्या वारी ठरल्या गावाला जाई. कोणी अत्यवस्थ असो वा नसो, गाडी येणारच. जुना खोकला, न भरणारी जखम, कुष्ठाचा चट्टा, तिसऱ्या महिन्याची गर्भारीण, असले सगळे तिच्यापुढे येई. वैद्यकीच्या पुस्तकाप्रमाणे यातले काहीच तातडीचे नव्हते.

पण गाडी आठवड्यातून एक दिवस येणार. उरलेले सहा दिवस काय? म्हणून त्यांनी शिकलेल्या नर्सेसना गावोगाव ठेवून पाहिले. ते जमले नाही. परगावच्या तरण्या मुली, एकट्याने खेड्यात राहणे त्यांना सुरक्षित वाटेना. आणि गावच्या बायकांनाही त्या परक्या वाटत. तेव्हा आरोळ्यांनी गावांनाच सांगितले, तुमच्यातली एक बाई निवडून द्या. निवडून आलेल्या बहुतेक निरक्षर होत्या, पुष्कळ दलित होत्या, काहींना नवऱ्याने टाकलेले होते. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, एकत्र जेवत, एकत्र निजत. ज्या भागात विहिरीवर शिवाशीव होती, तिथे एका पंगतीला बसणे हाच पहिला धडा होता. मग बाळंतपण, जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखरेचे पाणी, डोळे, त्वचा, गर्भारपण, असे एकेक शिकून त्या गावी जात. आणि गाडी आली की नर्सला कोणत्या घरी जावयाचे ते दाखवीत. आपल्यासारखी महिला मंडळे आणि शेतकऱ्यांची मंडळे याच कामातून तिथे उभी राहिली. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सरूबाई साळवे यांच्या कामाची हकीकत तर २००८ साली ‘नॅशनल जिऑग्राफिक’ या अमेरिकन मासिकात आली. बालमृत्यूचा तो १७६ चा आकडा नव्वदीच्या दशकात तिशीच्या आत आला. सगळे श्रेय एकट्या जामखेडच्या कामाला देऊ नये, कारण त्या वर्षांत रस्ते झाले, लसी आल्या, राज्यभरच आकडा उतरत होता. पण इतक्या लवकर आणि इतक्या कोरड्या मुलखात तो उतरला, हे मानलेच पाहिजे. मेबलताई १९९९ साली आणि रजनीकांत २०११ साली गेले.

दुसरी गोष्ट बार्शीकडची, आणि ती तर आपल्या तालुक्याचीच. मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या मदतीने बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयात १९८७ साली खेड्यांतील कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. देशातली ही असली पहिली ग्रामीण नोंदवही. तिच्यात बार्शी, परांडा आणि आपला भूम असे तीन तालुके घेतले. नोंद ठेवणारी माणसे दवाखान्यात बसून राहिली नाहीत. ती गावोगाव फिरली, बैठका घेतल्या, कोणती लक्षणे दिसली तर दाखवावयास यावे ते सांगितले, संशय आला त्यांना बार्शीला नेले. बायकांत सर्वांत अधिक सापडला तो गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग. हा रोग फार सावकाश वाढतो. रोगाच्या आधीची खूण कित्येक वर्षे दुखत नाही, खुपत नाही. म्हणजे जेव्हा बाई पूर्ण धडधाकट दिसते तेव्हाच तिला तपासावे लागते.

तेच पुढे आपल्या जिल्ह्यात झाले. १९९९ च्या अखेरीस सुरू होऊन खेड्यांचे ५२ गट पाडण्यात आले आणि ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ निरोगी बायका त्या पाहणीत घेतल्या. तपासणीचे काम खास शिकवून तयार केलेल्या नर्स-प्रसाविकांनी केले. एका गटात विषाणूची नवी तपासणी, दुसऱ्यात पेशींची जुनी तपासणी, तिसऱ्यात औषधाचे पाणी लावून नुसत्या डोळ्यांनी बघणे, आणि चौथ्या गटाला नेहमीसारखेच राहू दिले. आठ वर्षे लक्ष ठेवल्यावर विषाणू-तपासणीच्या ३४,१२६ बायकांत या रोगाने ३४ मृत्यू झाले. चौथ्या गटातल्या ३१,४८८ बायकांत ६४ झाले. एकाच वेळच्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. बाकी दोन तपासण्यांनी असा स्पष्ट फरक दाखविला नाही. हा निष्कर्ष एप्रिल २००९ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि पुढे जगभर या तपासणीची शिफारस करताना आपल्या जिल्ह्यातल्या बायकांचा दाखला दिला जाऊ लागला.

यावर टीकाही झाली, आणि ती सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. चौथ्या गटातल्या बायकांना तपासल्याविना का ठेवले, असा प्रश्न पुष्कळांनी केला. पाहणी करणाऱ्यांचे म्हणणे असे की, देशात त्या वेळी खेड्यांतल्या बायकांना तपासणीची काही व्यवस्थाच नव्हती. म्हणजे त्या गटाला जे मिळाले ते एरवी सगळ्यांनाच मिळत होते. उत्तर कागदावर बरोबर असेल. पण त्या ६४ जणी आपल्याच जिल्ह्यातल्या होत्या. तुळजापूरच्या यात्रेत कदाचित आपल्या शेजारून गेलेल्या. शास्त्राची गरज मला कळते, तरी त्या आकड्यावरून नजर काढून पुढचे वाचणे मला जमत नाही.

गाडीच्या बाबतीत अलीकडे पुष्कळ सुधारणा झाली. २००५ सालच्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आशाताई आल्या. २०११ पासून गर्भारणीला आणि तान्ह्या बाळाला दवाखान्यात न्यावयाची आणि घरी सोडावयाची फुकट सोय झाली, तीच १०२ ची गाडी. २०१४ साली राज्यात १०८ च्या ९३७ गाड्या सुरू झाल्या आणि त्यांत डॉक्टर ठेवले गेले. बाज आणि बैलगाडी पाहिलेल्या माणसाला याची किंमत सांगावी लागत नाही.

तरी १०८ ला लोक किरकोळ कामासाठी बोलावतात, ही तक्रार ऐकू येते. काही वेळा ती खरी असते. पण एखादी एकटी राहणारी म्हातारी तीन दिवस जेवली नाही, औषधाच्या गोळ्या संपल्या, बाजेवरून उठवेना. तिने गाडी बोलावली तर ती किरकोळ म्हणावयाची का? स्वीडनमध्ये २००५ पासून तातडीच्या रुग्णवाहिकेत एक तरी शिक्षित नर्स असावी लागते. तिकडच्या नर्सेसचाही अनुभव हाच की, बोलावणे आलेल्यांपैकी पुष्कळांना इस्पितळाची गरज नसते, पण कोणाची तरी गरज असते. तिथे बसणे, ऐकून घेणे, घरचे बघणे आणि याला घरीच ठेवता येईल की नाही हे ठरविणे, हे जखम बांधण्याहून अवघड आहे असे म्हणतात. श्रीमंत देशातली नर्स आणि जामखेडच्या जीपमधली नर्स एकाच ठिकाणी येऊन पोचल्या, याची मला गंमत वाटते.

आता आशाताईंच्या हाती तीस वर्षांपुढच्या माणसांसाठी एक छापील कागद असतो. २०१८ पासून आरोग्य केंद्रांतून या तपासण्या मांडल्या गेल्या, त्याचा तो भाग. त्यात बायकांसाठी निराळे प्रश्न आहेत: छातीत गाठ लागते का, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त गेले का, दोन पाळ्यांच्या मधे जाते का, घाण वासाचे पाणी जाते का. माझ्या आजीला जे एका नर्सबाईंनी आपणहून विचारले, ते आता सरकारने छापून दिले आहे. पण हा कागद ओट्यावर, सासरे पलीकडे तंबाखू मळीत बसलेले असताना भरला, तर प्रत्येक प्रश्नापुढे ‘नाही’ हीच खूण पडते. आतल्या खोलीत भरला तर निराळी पडते, हे मी दोन घरांत बघितले आहे. म्हणून आमच्या गल्लीत आशाताई आल्या की मी सूनबाईंना चहा ठेवावयास सांगते, पुरुषमंडळींना खुर्च्या बाहेर नेऊन देते, आणि आतल्या खोलीचा पडदा ओढून घेते.